हांकेचें ऋण

प्रत्येक नवें यंत्र माणसाच्या घरांत येतांना सोयीचें रूप घेऊन येतें. कांहीं काळ तेथें राहिल्यावर तें एक नवें कर्तव्यहि शिकवूं लागतें. घड्याळ प्रथम आलें तें वेळ सांगण्यासाठीं आलें. पण तें भिंतीवर स्थिर झालें, आणि वेळेवर येणें हा सद्गुण व उशीर करणें हा दोष ठरला. सूर्याच्या उंचीवरून दिवस मोजणाऱ्या माणसाला दहा मिनिटांच्या उशिराबद्दल कोणी बोल लावीत नव्हतें, कारण दहा मिनिटें ही वस्तुच त्याच्या जगांत नव्हती. पुढें आगगाडी आली आणि तिनें या सद्गुणावर शिक्कामोर्तब केलें. तात्पर्य, यंत्र आपलें काम हलकें करतें एवढ्यानें त्याची कथा संपत नाहीं. एकमेकांपासून आपण काय अपेक्षा करावी, याचा हिशेबहि तें बदलून टाकतें.

आज बहुतेकांच्या खिशांत असलेला स्मार्टफोन हें असेंच एक यंत्र आहे. त्याच्या सुखदुःखांविषयीं बोलणें पुष्कळ होतें. कोणी त्याला कल्पवृक्ष म्हणतो, कोणी व्यसन म्हणतो, आणि बहुधा हे दोन्ही अभिप्राय एकच गृहस्थ सकाळीं व संध्याकाळीं देत असतो. प्रस्तुत लेखांत मला यांपैकीं कोणत्याच पक्षाची वकिली करावयाची नाहीं. मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. या यंत्रानें कोणतें नवें कर्तव्य आपल्या माथीं घातलें आहे, आणि तें खरोखरच कर्तव्य आहे काय?

प्रथम सुखांची नोंद करणें न्यायाचें होईल. कारण जी वस्तु रोज हातांत असते तिची केवळ निंदा करणें हा कृतघ्नपणा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ति पूर्वीं ग्रंथालयांत जाऊन, फडताळांतून ओढून, दोन्ही हातांनीं टेबलावर मांडून पाहावी लागे. शिकागो विद्यापीठानें ती संगणकावर खुली केल्यापासून एस. टी. च्या गाडींत बसल्या बसल्याहि शब्दाचा अर्थ पाहतां येतो. परक्या गांवांत रस्ता विचारीत फिरण्याचें कारण उरलेलें नाहीं. वीज गेली असतां जिन्यांत उजेड मिळतो. २०१६ सालीं यूपीआयची पद्धति सुरू झाली, तेव्हांपासून भाजीवालीशीं सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत जवळजवळ संपली. आणि २०२० मध्यें करोनामुळें महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं, तेव्हां घरांतील एकुलता एक फोन भावंडांशीं वांटून घेऊन, रेंज मिळेल अशा टेकाडावर जाऊन बसून, तास ऐकणारे विद्यार्थी आम्हां शिक्षकांच्या माहितीचे आहेत. त्या महिन्यांत या यंत्रानें जें केलें तें विसरणें कोणाहि शिक्षकाला शोभणार नाहीं.

त्रासांचीहि यादी अशीच लांब होईल. नेमक्या वेळीं बॅटरी संपते. नातेवाइकांनीं पाठविलेल्या सुप्रभाताच्या फुलांनीं फोनांतील जागा भरून जाते, आणि मग स्वतःच्या नातवाचें छायाचित्र घेण्यापूर्वीं पन्नास सूर्योदय पुसावे लागतात. सांकेतिक शब्द विसरतो. ओटीपी येतो तो त्याची मुदत संपल्यावर. कालपर्यंत उजव्या कोपऱ्यांत असलेलें बटण रात्रींतून डाव्या कोपऱ्यांत जातें आणि साठीच्या घरांतला माणूस आपल्याच वस्तूपुढें अडाणी होऊन बसतो. परंतु हे सर्व त्रास डांसांच्या जातीचे आहेत. ते चावतात, चीड आणतात. पण त्यांतून नीतीचा प्रश्न निर्माण होत नाहीं. ज्यांतून तो निर्माण होतो तें दुःख निराळें आहे, आणि तें एका साध्या वाक्यांत सांगतां येतें: "काल तुम्हांला दोनदां फोन केला, उचलला नाहींत."

या वाक्याचा सूर वाचकांनीं लक्षांत आणावा. त्यांत वरवर केवळ एक घटना सांगितली आहे; पण ऐकणारा तें आरोप म्हणूनच ऐकतो आणि लगेच बचावास लागतो. फोन दुसऱ्या खोलींत होता. गाडी चालवीत होतों. आवाज बंद ठेवला होता. चार्जिंगला लावला होता. या सबबी बहुधा खऱ्या असतात. प्रश्न त्यांच्या खरेपणाचा नाहीं. सबब सांगावी लागते, यांतच दोष झाला ही गोष्ट गृहीत धरली जाते. "मी जेवत होतों" एवढें उत्तर आपल्या आजोबांच्या काळीं पुरेसें होतें. किंबहुना तेवढेंहि कोणी मागत नसे. आज "मी पुस्तक वाचीत होतों, म्हणून फोन घेतला नाहीं" असें उत्तर दिलें, तर ऐकणाऱ्याला तें उद्धटपणाचें वाटेल. नोव्हेंबर २०१४ मध्यें व्हॉट्सॲपनें निरोप वाचला गेल्याची निळी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि या खटल्यांत फिर्यादीच्या हातीं लेखी पुरावाच आला. ती खूण बंद ठेवण्याची सोयहि लवकरच झाली खरी. पण ती बंद ठेवणाराकडे पडदा लावून बसणाऱ्या शेजाऱ्यासारखें पाहिलें जातें.

तेव्हां नवें कर्तव्य तें हें: हांक आली कीं ओ दिली पाहिजे, आणि ती तत्काळ दिली पाहिजे. हें कर्तव्य कोणत्याहि शास्त्रानें सांगितलेलें नाहीं, कोणत्याहि सभेनें ठरविलेलें नाहीं. मग तें आलें कोठून? माझें उत्तर असें आहे कीं, तें एका तर्कदोषांतून आलें आहे.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट (१७२४–१८०४) याच्या नांवाशीं नीतिशास्त्राचें एक सूत्र निगडित झालें आहे. कोणावरहि एखादें कर्तव्य घालतांना तें त्याच्या आवाक्यांतलें असलें पाहिजे, असा त्याचा आशय. पांगळा पर्वत चढला नाहीं म्हणून त्याला कोणी दोष देत नाहीं. आमच्या मीमांसकांनींहि अधिकाराची चर्चा करतांना हाच मुद्दा आपल्या रीतीनें मांडला आहे. एखादें कर्म कोणीं करावें? ज्याला त्याच्या फलाची इच्छा आहे, जो तें करण्यास समर्थ आहे, आणि ज्याला शास्त्रानें वगळलेलें नाहीं, त्यानें करावें. म्हणजे सामर्थ्य ही अधिकाराची एक अट झाली. अनेक अटींपैकीं एक. कर्तव्य असेल तर शक्यता असलीच पाहिजे, हें दोघांनाहि मान्य आहे. पण शक्यता आहे एवढ्यावरून कर्तव्य सिद्ध होतें, असें यांच्यापैकीं कोणीच म्हटलें नाहीं.

खिशांतल्या फोननें हें वाक्य उलटें फिरविलें आहे. पूर्वीं मनुष्य घराबाहेर असला कीं त्याला गांठणें अशक्य असे, म्हणून गांठलें न जाण्यांत दोष नव्हता. आतां तो कोठेंहि असला तरी त्याला गांठणें शक्य आहे; म्हणून त्यानें गांठलें जावेंच, असें आपण नकळत मानूं लागलों. शक्यता वाढली तसतसें कर्तव्य फुगत गेलें. या यंत्राचीं सुखें व या यंत्राचीं दुःखें एकाच मुळांतून निघालीं आहेत तीं अशीं. प्रत्येक नवी शक्यता पहिल्या दिवशीं देणगी असते, आणि थोड्याच दिवसांत ती मागणी होऊन बसते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाहीं. ज्याला पोहतां येतें त्यानें बुडणाऱ्याला वांचविलें पाहिजे, न येणाऱ्यावर तें बंधन नाहीं. मग शक्यतेमुळें कर्तव्य निर्माण झालें असेंच येथें म्हणावें लागत नाहीं काय? वरवर पाहतां तसें दिसतें. पण नीट पाहिलें तर येथें कर्तव्याचें मूळ बुडणाऱ्याच्या गरजेंत आहे. पोहतां येणें ही केवळ अट आहे. नदींत कोणी बुडतच नसेल, तर पोहणाऱ्यानें दिवसभर काठावर कपडे काढून उभें राहिलें पाहिजे असें कोणी म्हणणार नाहीं. स्मार्टफोन बाळगणाऱ्याची स्थिति मात्र आज नेमकी अशी झाली आहे. तो काठावर उभाच आहे.

आपल्या धर्मशास्त्रानें कर्माचे नित्य, नैमित्तिक व काम्य असे भेद केले आहेत. संध्या हें नित्य. ग्रहण लागलें असतां स्नान करणें हें नैमित्तिक. स्वर्गादि इच्छेनें करावयाचें तें काम्य. काम्य न केलें तर दोष नाहीं. नैमित्तिक मात्र निमित्त घडलें कीं केलेंच पाहिजे, टाळलें तर प्रत्यवाय लागतो. आतां नैमित्तिकाचें हें बंधन माणसाला पेलतें कां? निमित्तें विरळ असतात म्हणून. दिवसांतून शंभर ग्रहणें लागूं लागलीं तर स्नानाखेरीज दुसरें कांहींच करतां येणार नाहीं, आणि संध्याहि बुडेल. फोनची प्रत्येक घंटा, प्रत्येक थरथर हें एक निमित्त आहे. ज्याला ग्रहणांतून सवड मिळत नाहीं त्याचें नित्यकर्म, म्हणजे त्याचा धंदा, त्याचा अभ्यास, समोर बसलेल्या माणसाशीं चाललेलें त्याचें बोलणें, हें बुडणारच.

कोणी म्हणेल, अतिथीलाहि तिथि नसते. तो न कळवितां येतो, आणि तरी आपल्या संस्कृतीनें त्याला देव मानलें. फोन करणारा हा दारांत उभा राहिलेला अतिथिच नव्हे काय? ही तुलना मला मान्य आहे, आणि म्हणूनच ती शेवटपर्यंत नेली पाहिजे. वैश्वदेव झाल्यावर गृहस्थानें अंगणांत येऊन अतिथीची वाट पाहावी असें आपल्या प्राचीन ग्रंथांत सांगितलें आहे. पण किती वेळ पाहावी, हेंहि तेथेंच सांगितलें आहे. गाय दोहण्यास जितका वेळ लागतो तितका. त्यानंतर गृहस्थ घरांत जाऊन जेवावयास मोकळा. ज्या लोकांनीं अतिथीला देव मानलें त्यांनींच त्याची वाट पाहण्याला मर्यादा घातली, कारण अमर्याद कर्तव्य हें कोणालाच पाळतां येत नाहीं हें ते जाणून होते. आपल्या घरीं गाय नाहीं आणि अंगणहि नाहीं. पण गोदोहनाएवढ्या काळाची ती कल्पना आपल्या फार उपयोगाची आहे.

शिवाय हेंहि पाहिलें पाहिजे कीं फोनच्या दारांत उभा असलेला प्रत्येक जण अतिथि नसतो; बरेच वेळां तेथें कोणीच नसतें. कर्ज घ्या म्हणून सांगणारें यंत्र, सवलतीची मुदत आज संपते म्हणून बजावणारें दुकान, "तुम्ही बरेच दिवसांत आलां नाहींत" असा प्रेमळ सूर काढणारें ॲप, यांच्यामागें त्या क्षणीं कोणीहि मनुष्य उत्तराची वाट पाहत बसलेला नसतो. उत्तर न मिळाल्यानें ज्याला दुःख होणें शक्य नाहीं त्याचें आपल्यावर ऋणहि असूं शकत नाहीं. परंतु घंटा मात्र आईच्या हांकेची आणि दुकानाच्या हांकेची एकच वाजते. "लांडगा आला रे आला" या गोष्टींतील पोराचा दोष केवळ खोटें बोलण्याचा नव्हता. त्यानें गांवाची हांकेवरची श्रद्धा मोडली, आणि खरा लांडगा आला त्या दिवशीं धांवून जाणारें कोणी उरलें नाहीं. ज्याला खरी हांक ऐकावयाची आहे त्यानें खोट्या हांका बंद केल्याच पाहिजेत. हा आळस नव्हे. खऱ्या हांकेविषयींचा तो आदर आहे.

येथपर्यंत आपण हांक ऐकणाराच्या बाजूनें विचार केला. फोनविषयींचा बहुतेक उपदेश येथेंच थांबतो: फोन दूर ठेवा, जेवतांना पाहूं नका, निजण्याच्या खोलींत नेऊं नका. हा उपदेश चांगला आहे, पण तो प्रश्नाच्या अर्ध्या भागालाच लागू पडतो. हांकेला दोन टोकें असतात. ऐकणाराचा धर्म काय, याची आपण इतकी चर्चा करतों. हांक मारणाराचा धर्म काय, याची कोणी करीत नाहीं. माझ्या मतें या प्रश्नाचें खरें मर्म तेथें आहे.

जुन्या दळणवळणाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. पत्राच्या शेवटीं "कळावें, लोभ असावा" असें लिहीत. उत्तर लवकर हवें असेल तर "उलट टपालीं उत्तर पाठवावें" असें मुद्दाम लिहावें लागे. म्हणजे सवड ही गृहीत होती आणि घाई ही मागून घ्यावी लागे. ज्याला उत्तराची फारच आवश्यकता असे तो जोडकार्ड पाठवी. त्यांत उत्तराच्या कार्डाचे पैसेहि त्यानेंच भरलेले असत. तारेला शब्दागणिक आकार पडे, म्हणून तार करणारा एकेक शब्द तोलून लिही, आणि तार आली म्हणजे घरांत सर्वांच्या काळजाचा ठोका चुके. ती तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. १८८२ सालीं मुंबईंत टेलिफोनचें पहिलें केंद्र उघडलें. पुढें गांवोगांवीं ट्रंक कॉल होऊं लागले, त्यांत साधा, तातडीचा व लायटनिंग असे वर्ग असत, आणि घाई जितकी अधिक तितका दर चढा. एस. टी. डी. च्या बूथांत बोलणाराच्या डोळ्यांसमोर मीटरचे आंकडे पळत. रात्रीं दर उतरले कीं बूथापुढें रांग लागे. या सर्व व्यवस्थांत एक न्याय दडलेला होता. दुसऱ्याच्या वेळांत शिरणारानें त्या शिरण्याची किंमत स्वतः मोजावी, हा तो न्याय.

हा न्याय हळूहळू कसा उलटला तेंहि पाहूं. ३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं मोबाइलवरून भाषण केलें, आणि भारतांत या यंत्राचें युग सुरू झालें. त्या आरंभींच्या वर्षांत हांक मारणारा पैसे देईच, पण ज्याला हांक आली त्यालाहि पैसे पडत. २००३ च्या मे महिन्यापासून येणाऱ्या हांकेचा आकार बंद झाला आणि लोकांना आनंद झाला. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला कीं हांक मारणाराचा खर्चहि नांवापुरताच राहिला. आतां कोणालाच पैसे पडत नाहींत, असें आपण म्हणतों. पण किंमत नाहींशी झाली नाहीं. ती रुपयांतून उतरून अवधानावर चढली, आणि ती सगळीच्या सगळी हांक ऐकणाराच्या खात्यावर पडली. एक बोट फिरवून शंभर जणांना निरोप पाठविणाराला कांहींच लागत नाहीं. शंभर जणांचें चित्त मात्र शंभर ठिकाणीं मोडतें. पैशाचा लगाम गेला तेव्हां त्याच्या जागीं रीतीचा लगाम यावयास हवा होता. तो अद्याप आलेला नाहीं.

तो न आल्यानें सर्वांचें सारखेंच नुकसान होतें असें समजूं नये. कार्यालयाचा प्रमुख रात्रीं फोन बंद करून निजला तर साहेब विश्रांति घेत आहेत असें म्हणतात. त्याच्या शिपायानें तसें केलें तर तो बेजबाबदार ठरतो. प्राध्यापकानें विद्यार्थ्याच्या निरोपाला चार दिवस उत्तर दिलें नाहीं तर तो कामांत असतो. विद्यार्थ्यानें प्राध्यापकाच्या निरोपाला चार तास दिलें नाहीं तर त्याला आस्था नसते. घरपोंच जिन्नस नेऊन देणाऱ्या तरुणाच्या फोनवर काम आलें, कीं तें घेतों कीं नाहीं हें कांहीं क्षणांत सांगावें लागतें; त्याच्या बाबतींत मौन म्हणजे बुडालेली मजुरी. पूर्वीं ज्याच्या दारीं पहारेकरी असे तो मोठा. आज ज्याला फोन न उचलण्याची मुभा आहे तो मोठा. उत्तर न देण्याचा अधिकार ही या काळांतील एक दौलत आहे, आणि इतर दौलतींप्रमाणें तीहि विषम वांटली गेली आहे. म्हणूनच आम्ही सुशिक्षित लोक जेव्हां फोन दूर ठेवून मिळणाऱ्या शांतीचें वर्णन करतों, तेव्हां ती शांति कोणाला परवडते हेंहि सांगितलें पाहिजे.

कांहीं देशांनीं या विषमतेला कायद्यानें हात घातला आहे. फ्रान्समध्यें १ जानेवारी २०१७ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थांवर, कामाच्या वेळेबाहेर यंत्रापासून मोकळें राहण्याच्या हक्काविषयीं नोकरांशीं वाटाघाटी करण्याचें बंधन घातलें. ऑस्ट्रेलियांत ऑगस्ट २०२४ पासून असा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनीं याच आशयाचें २०१८ सालचें एक खासगी विधेयक लोकसभेंत मांडलें. त्याचा कायदा झाला नाहीं. असे कायदे व्हावेत असेंच माझें मत आहे, कारण दुर्बलाला केवळ दुसऱ्याच्या सौजन्यावर सोडणें बरें नव्हे. परंतु कायदा मालक व नोकर यांच्यामध्यें उभा राहूं शकतो. आई व मुलगा, मित्र व मित्र, पति व पत्नी यांच्यामध्यें तो उभा राहूं शकत नाहीं, राहूंहि नये. तेथें धर्मच हवा, आणि तो हांक मारणाराचा धर्म होय.

त्या धर्माचें स्वरूप अवघड नाहीं. हांक मारणारानें हांकेबरोबर सवडहि पाठवावी. घाई असेल तर ती तोंडानें सांगावी आणि ती खरी असावी. घाई नसेल तर "सवडीनें" हा एक शब्द लिहिण्यास कष्ट पडत नाहींत. आपल्या हाताखालच्या माणसाला अवेळीं सूचना धाडूं नये. उद्यांचें काम उद्यां सांगतां येतें. उत्तर आलें नाहीं तर त्याचा अर्थ अपमान असा करूं नये, आणि भेटल्यावर सबब मागूं नये. मौनाचा अर्थ लावतांना ज्याला संशयाचा फायदा देतां येत नाहीं, त्यानें हांक मारण्याचा अधिकार अद्याप मिळविलेला नाहीं असें मी म्हणेन.

यावर असें विचारतां येईल कीं, हांक इतकी जपून मारावयाची तर निष्कारण हांकांचें काय? कामाशिवाय फोन करणें, उगाच चौकशी करणें, हें तर स्नेहाचें लक्षण. तें आपण बंद करावयाचें काय? मुळींच नाहीं. म्हाताऱ्या माणसांना तर पुष्कळदां दिवसाकाठीं फोन हाच एक पाहुणा असतो. निष्कारण हांक ही सर्वांत गोड हांक आहे, पण ती गोड केव्हां असते? ओ मिळाली नाहीं तरी जी कडू होत नाहीं, तीच गोड. माझ्या परिचयाच्या एक वृद्ध बाई पुण्यास एकट्या राहतात. मुलगा कॅलिफोर्नियांत असतो. दोन्ही गांवांच्या घड्याळांत ऋतुमानाप्रमाणें साडेबारा किंवा साडेतेरा तासांचें अंतर पडतें. रात्रीं निजण्यापूर्वीं त्या व्हॉट्सॲप उघडतात, मुलाच्या नांवाखालीं तो शेवटचा केव्हां येऊन गेला ती वेळ पाहतात, आणि फोन उशाशीं ठेवून देतात. तो उठला, कामाला लागला, एवढें त्यांना त्या वेळेवरून समजतें. त्या निरोप लिहीत नाहींत. "त्याला उत्तर द्यायला लावायचं नाहीं, आहे एवढं कळलं म्हणजे पुरे," असें त्या एकदां म्हणाल्या. ज्या खुणा दुसऱ्या कोणाच्या हातीं फिर्यादीचा पुरावा होतात, त्याच येथें दाराशीं लावून ठेवलेल्या दिव्याचें काम करतात. यंत्र एकच आहे. फरक तें वापरणाराच्या मागणींत आहे.

रविवारीं त्या मुलाचा फोन येतो, आणि तो तास तास बोलतो असें त्या सांगतात. याचें मला आश्चर्य वाटत नाहीं. मागून घेतलेलें उत्तर ही एक पावती असते. तिच्यांत पोंचल्याची नोंद असते, देणाराचें मन असेलच असें नाहीं. न मागतां आलेल्या उत्तरांत मात्र देणारा स्वतः आलेला असतो. ज्याला आपण उत्तराच्या बंधनांतून सोडलें तोच उत्तर देण्यास खऱ्या अर्थानें समर्थ होतो, आणि त्याच्यावरचें ऋणहि कमी न होतां वाढतें. पण तें प्रेमाचें ऋण असल्यामुळें फेडतांना जड वाटत नाहीं. उलट, त्या मुलानें आईच्या या मोकळीकीचा अर्थ आपल्यावर कांहींच देणें नाहीं असा केला, तर रविवार ओस पडेल, आणि त्या वेळीं दोष फोनचा नसेल.

मनुष्य जन्मतांच देवांचें, ऋषींचें व पितरांचें अशीं तीन ऋणें घेऊन येतो असें आपलीं शास्त्रें सांगतात. उत्तराचें चौथें ऋण आपण अलीकडे आपल्या हातांनीं त्यांत घातलें, आणि तें फेडतां फेडतां पहिलीं तीन मागें पडूं लागलीं. तें ऋण अजिबात खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. संकटांत असलेल्याची, एकटें पडलेल्याची, ज्याला आपल्यावांचून दुसरें कोणी नाहीं अशाची हांक आली तर जेवणावरून उठलें पाहिजे; त्याबद्दल दुमत असूं नये. पण अशा हांकेला उठतां यावें म्हणूनच इतर हांकांनीं आपल्याला स्वस्थ बसूं दिलें पाहिजे, आणि आपणहि इतरांना तसें बसूं दिलें पाहिजे. फोन खिशांत आहे यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं आपल्याला बोलावणें शक्य आहे. आपण येणें लागतों कीं नाहीं, हें बोलावणाराच्या गरजेवरून व आपल्या नात्यावरून ठरावयाचें आहे. घंटेला तें ठरवूं देऊं नये. आणि दुसऱ्याच्या खिशांतली घंटा वाजविण्यापूर्वीं हाच विचार आपण त्याच्यासाठींहि क्षणभर करावा.